लग्नाच्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरविताना

निकाह, वलीमा, हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांचा निरोप, गावच्या मदरशाचा जलसा. असे किती प्रसंग आपल्या घरांतील कपाटांत व्हीएचएस किंवा मिनी डीव्ही कॅसेटींत बंद आहेत! कित्येक घरांत मरहूम अब्बांचा आवाज त्या एकाच कॅसेटवर उरलेला असतो. व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. चालू यंत्रे आता कमीच होत जाणार, आणि कोकणच्या दमट हवेत कॅसेट बुरशी धरते. फोटो स्टुडिओ किंवा व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे काम शिकून घ्यावे. गिऱ्हाईक नुसती प्रत मागत नाही. त्या चित्रणावर हलती अक्षरे, नावे, जुने फोटो घालून नवी फिल्म मागते. ते काम आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये होते. पण चित्रण कॅसेटवरून नीट उतरले नसेल तर पुढची मेहनत फुकट जाते.

कॅसेट हाती येताच प्रथम तिच्या कडेची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची पट्टी पाहावी. ती शाबूत असेल तर गिऱ्हाइकाला सांगून तोडावी. चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तर गेलेले चित्रण परत येत नाही. मिनी डीव्हीत ही पट्टी नुसती सरकवावी लागते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या यंत्रात मुळीच घालू नये, कारण तीच बुरशी हेडवरून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला लागते. हेड साफ करताना कापसाची काडीही वापरू नये. धागा अडकून हेड तुटते.

व्हीएचएससाठी व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये कॅप्चर कार्ड लागते. अगदी स्वस्त यूएसबी कार्डाने भागेल असे समजू नये. जुन्या फितीचे चित्र थरथरते, आणि असे कार्ड मधल्या फ्रेम गाळते. मग अर्ध्या तासाने आवाज आणि ओठ जुळत नाहीत. चित्राची थरथर सावरणारे टाइम बेस करेक्टर असलेले यंत्र मिळाले तर त्यावर खर्च करणे योग्य. आपल्याकडील पाल पद्धतीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे असते. ते न दाबता साठविले तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. लॅगरिथसारख्या, चित्राची हानी न करणाऱ्या कोडेकने हा आकडा बराच खाली येतो. पुढे अक्षरे चढवायची असतील तर एमपीईजीत दाबून उतरवू नये.

मिनी डीव्हीची गोष्ट वेगळी. तिच्यावर चित्र आधीच आकड्यांत असते, त्यामुळे फायरवायर तारेने ते जसेच्या तसे उतरते. तासाला सुमारे १३ जीबी. कॅमेऱ्याला यूएसबीचे भोक असले तरी पुष्कळ कॅमेऱ्यांत ते फोटोपुरतेच असते. तार जोडताना कॅमेरा बंद ठेवावा, नाहीतर पोर्ट जळण्याची भीती असते. नव्या संगणकांना फायरवायर नसतेच, म्हणून कार्ड बसेल असा जुना डेस्कटॉप या कामासाठी राखून ठेवावा.

आता जिथे पुष्कळ जण फसतात ती बाब. आफ्टर इफेक्ट्स स्वतः कॅसेट उतरवीत नाही; फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरने तयार करून त्यात आणावी लागते. या चित्रणाची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची असते: एकात एकाआडच्या ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. कोणते अर्धे आधीचे, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. डीव्हीत खालचे आधी. कॅप्चर कार्डात पुष्कळदा वरचे आधी, पण खात्री करून घ्यावी. इंटरप्रिट फुटेजमध्ये फील्ड वेगळे करून ते चित्रण सेकंदाला ५० फ्रेमच्या कॉम्पोझिशनमध्ये ठेवावे आणि एकेक फ्रेम पुढे न्यावी. चालणारा माणूस एक पाऊल पुढे, एक मागे असा दिसला तर क्रम उलटा आहे. पालचे बिंदूही चौकोनी नसतात, तेथे १.०९ हे प्रमाण द्यावे, नाहीतर नवरदेव बारीक दिसतो आणि गोल शिक्का अंड्यासारखा. व्हीएचएसच्या तळाशी नाचणाऱ्या चार-दोन ओळी हा बिघाड नव्हे. टीव्हीवर त्या चौकटीआड जात. कापून टाकाव्यात.

दर ठरविताना ध्यानात ठेवावे की तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, आणि ते बसून पाहावे लागते.

लग्नाच्या कॅसेटीत आपल्या माता-भगिनी घरातल्या घरात, पडद्याविना वावरत असतात. ती अमानत आहे. नमुना म्हणून त्यातला एक तुकडाही दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवू नये. बायकांकडचे चित्रण घरातल्या एखाद्या बाईनेच बसून उतरवावे अशी काही घरांची इच्छा असते. तशी सोय ठेवली तर काम वाढते. फाइल हार्ड डिस्कवर दिल्यावर गिऱ्हाइकाला ती आपल्यासमोर चालवून पाहू द्यावी, कॅसेट परत हाती द्यावी, आणि मगच आपल्या संगणकावरची प्रत त्याच्यादेखत पुसावी.