देण्यासारखं काही न उरलेला वारा

महाबळेश्वरावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाणी ओतणारा नैर्ऋत्येचा वारा सातारा जिल्ह्यातल्याच खटाव-माण तालुक्यांत पोचतो तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. इथे पाऊस पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. वारा मात्र थांबत नाही. जुलैत औंधला यमाईच्या डोंगरावर चढावं, तर टोपी हाताने धरून ठेवावी लागते आणि अंगावर थेंब पडेलच याची खात्री नसते.

ज्या वाऱ्याने या मुलखाला दुष्काळी केलं, त्याच्यावरच आता वीज निघते. वनकुसवडे, चाळकेवाडी, गुढे-पाचगणी, ढालगाव ही नावं एरवी तालुक्याबाहेर कुणी घेतली नसती. आज ती पवनचक्क्यांमुळे ठाऊक आहेत. खटाव-माणच्या डोंगरांवरही त्यांची पाती फिरताना दिसतात.

यंत्र तसं सरळ आहे. तीन पाती, मनोऱ्याच्या टोकावर बसच्या आकाराची एक पेटी, तिच्यात गिअरबॉक्स आणि जनरेटर. वनकुसवड्याच्या पठारावर सुरुवातीला आलेली बरीच यंत्रं ३५० किलोवॉटची होती. पुढे सव्वा मेगावॉटची आली, त्यांच्या एकेका पात्याची लांबी तीस मीटरच्या वर. एवढं पातं मिनिटाला वीसेकच फेरे घेतं, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला ते आळशी वाटतं. गिअरबॉक्स त्याच फेऱ्यांचे दीड हजारांच्या आसपास करून जनरेटरला देतो. सेकंदाला तीन-चार मीटर वारा सुटला की यंत्र जागं होतं. पंचवीसच्या पुढे गेला की स्वतःला मिटून घेतं. सगळी मेख मधल्या टप्प्यात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातली ताकद आठपट होते. म्हणून जागा निवडताना शंभर मीटर इकडचं-तिकडचंही पाहतात आणि पठाराची कड सोडून आत यंत्र लावणं शक्यतो टाळतात.

दुष्काळाच्या वर्षांत याच यंत्रांवर आळ आला, की पाती ढग पळवतात. मनोरा आणि पातं मिळून उंची शंभर मीटरच्या आसपास. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर. शिवाय माणदेश कोरडा आहे तो पवनचक्कीचं नाव कुणी ऐकण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून. पण ज्याच्या डोक्यावर दिवसभर पातं फिरे आणि घरात वीज मात्र भारनियमनाच्या वेळापत्रकाने येई, त्याला आकडे सांगून काय पटणार होतं? त्याचा राग चुकीच्या कारणावर निघाला, एवढंच म्हणता येईल.

कारण ही यंत्रं गावाची नाहीत. प्राप्तिकरात घसाऱ्याची घसघशीत सवलत होती, म्हणून उद्योगांनी पवनचक्क्यांत पैसा घातला. बजाज ऑटोनेही वनकुसवड्यावर चक्क्या उभारल्या.

खरी अडचण ऋतूची आहे. वर्षातल्या युनिटांचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि त्याच महिन्यांत शेतीपंप बरेचसे निवांत असतात. पाणी उपसायचं असतं ते मार्च-एप्रिल-मेमध्ये. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून खटाव-माण, आटपाडी, जतपर्यंत नेणाऱ्या जिहे-कठापूर, टेंभू, म्हैसाळ या योजना विजेवरच जगतात. टेंभू-म्हैसाळचं वीजबिल डोईजड झालं, तेव्हा ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचे असा तोडगा निघाला. वाऱ्याने ही भूक भागत नाही. ऊन मात्र नेमकं उन्हाळ्यात भरपूर, म्हणून म्हैसाळसाठी जर्मन बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्प हाती घेतला गेला. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच. रात्री बाराला बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्याला या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट अनुदान नव्हे, दिवसा मिळणारं पाणी वाटतं. वारा आणि ऊन एकमेकांच्या सुट्ट्या भरून काढतात, म्हणून दोन्ही हवेत.

पाणी उपसण्याचं वेड इथलं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ मिळाला तो औंध संस्थानात, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडून. तिथे नांगरांमागोमाग पंप बनू लागले. त्याच बाळासाहेबांनी १९३९ मध्ये राज्यकारभार गावपंचायतींच्या हाती सोपवला. त्यासाठीची राज्यघटना तयार करण्यात मॉरिस फ्रीडमन हा पोलिश गृहस्थ होता, आणि त्याचा मूळ धंदा विद्युत अभियंत्याचा!

आज त्या मुलखातल्या ग्रामपंचायती पवनचक्क्यांवरच्या कराची थकबाकी वसूल करण्यासाठी खेटे घालतात. महावितरणशी झालेले तेरा वर्षांचे जुने करार संपत आले किंवा संपले. उत्तम वाऱ्याच्या जागा छोट्या, म्हाताऱ्या यंत्रांनी अडवल्या आहेत. ती काढून थोडी पण मोठी यंत्रं बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं गेलं. मोठ्या यंत्रांसाठी नवे करार होतील, नवे रस्ते पडतील. जमीन एकदाच विकून मोकळं व्हायचं की दर युनिटमागे गावाने वाटा मागायचा, हे ठरवायची ग्रामसभेला मिळालेली ही दुसरी संधी आहे. पहिल्या वेळी जमीन गुंठ्यांनी मोजली गेली, वारा कुणी मोजलाच नाही.