'एन्ड' : एका इंग्रजी शब्दाच्या अर्थच्छटा आणि मराठी पर्याय

प्रस्तावना

'एन्ड' म्हणजे 'शेवट' हे समीकरण विद्यार्थी शालेय वयात पाठ करतो आणि पदवी स्तरावरही त्यापुढे सहसा जात नाही. त्यामुळे शिक्षणाचे 'एन्ड्स' सांगणाऱ्या उताऱ्यात त्याला शिक्षणाची समाप्ती दिसते. वास्तविक तेथे शिक्षणाची उद्दिष्टे अभिप्रेत असतात. सोप्या वाटणाऱ्या शब्दामुळे संपूर्ण विधानाचा विपर्यास होतो, म्हणून या शब्दाचा विचार करणे आवश्यक ठरते.

व्युत्पत्ती

जुन्या इंग्रजीतील 'एन्दे' या रूपापासून हा शब्द आला. तुलनात्मक भाषाशास्त्रानुसार तो आणि संस्कृत 'अन्त' हे सगोत्र शब्द आहेत. दोहोंत 'सीमा' हा अर्थ आढळतो. 'वेदान्त' या शब्दात वेदांचा अखेरचा भाग आणि त्यांचे अंतिम तात्पर्य असे दोन्ही अर्थ एकवटले आहेत; 'एन्ड' मधील समाप्ती व साध्य यांचे नाते त्यावरून सहज स्पष्ट करता येते.

प्रमुख अर्थ

१) कालिक समाप्ती : चित्रपटाचा वा सत्राचा शेवट.

२) स्थलवाचक टोक : दोरीला दोन 'एन्ड्स' असतात, म्हणजे येथे आरंभही 'एन्ड'च ठरतो. क्रिकेटमध्ये प्रत्येक षटकानंतर गोलंदाजीचे 'एन्ड' बदलते. तेथे काहीही संपत नाही. लंडनमधील 'ईस्ट एन्ड' व 'वेस्ट एन्ड' ही नावेही शहराचे भागच दर्शवितात.

३) साध्य : 'एन्ड्स अँड मीन्स' म्हणजे साध्य व साधने. महात्मा गांधींनी 'हिंद स्वराज' (१९०९) मध्ये बीज व वृक्ष यांच्या दृष्टान्ताने या दोहोंचा अतूट संबंध मांडला. ही चर्चा समजण्यासाठी हा अर्थ माहीत असणे अपरिहार्य आहे.

व्यवहारातील उपयोग

'मेकिंग एन्ड्स मीट' म्हणजे मिळकतीत खर्चाची तोंडमिळवणी करणे, 'लूज एन्ड्स' म्हणजे अर्धवट राहिलेल्या बाबी, तर 'एन्ड अप' मध्ये अनपेक्षित ठिकाणी वा स्थितीत येऊन पोहोचण्याची छटा असते. 'अॅट द एन्ड' नंतर सामान्यतः 'ऑफ' घेऊन कशाचा शेवट ते सांगितले जाते. 'इन द एन्ड' म्हणजे 'सरतेशेवटी'. मराठीत दोन्हींसाठी 'शेवटी' चालत असल्याने येथे चुका होतात. तसेच मराठीत काम संपते आणि रस्ताही संपतो. इंग्रजीत मात्र काम 'फिनिश' केले जाते, रस्ता 'एन्ड' होतो. कारण 'फिनिश' मध्ये हाती घेतलेले पूर्ण करण्याचा भाव असतो.

मराठी पर्यायांची निवड

मराठीतही प्रत्येक शेवटाला वेगळा शब्द आहे. वर्षाची 'अखेर' होते, ग्रंथाचा 'समारोप' होतो, व्रताची 'सांगता' होते, काठीला 'टोक' असते. 'अंत' या शब्दाला मृत्यूची छटा असल्याने 'वर्षाचा अंत' हा अनुवाद खटकतो. मात्र 'अंत पाहणे' या वाक्प्रचारात सहनशीलतेची सीमाच अभिप्रेत असते.

निष्कर्ष

'एन्ड' साठी एकच प्रतिशब्द देण्याऐवजी काळ, स्थळ आणि हेतू यांपैकी कोणता संदर्भ आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याला प्रथम विचारण्यास शिकविले पाहिजे. उत्तर मिळाले की योग्य मराठी शब्द बहुधा त्याच्या बोलीत आधीपासूनच असतो.