ओळख म्हणजे वशिला नव्हे
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

जालना जिल्ह्यातले राजूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गणपती येतो. अंगारकी चतुर्थीला दूरदूरच्या गावांहून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ येते. आज मला मात्र राजूरच्याच बसथांब्यावर रोज सकाळी उभ्या असणाऱ्या मुलामुलींविषयी बोलायचे आहे. खांद्याला सॅक, सॅकमध्ये प्रॅक्टिकलचे जर्नल आणि घडी घातलेला अ‍ॅप्रन. कोणी भोकरदनला, कोणी पंचवीसेक किलोमीटरवरच्या जालन्याला बी.एस्सी.ला जाते. पदवीचे शेवटचे वर्ष आले की यांच्यापुढे ठरलेल्या दोन-तीन वाटा उरतात. पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, नाहीतर बी.एड. या वाटा वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण तीन वर्षे रसायनशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्र शिकलेल्या मुलीला त्या विषयाच्याच बळावर काय करता येईल, हे सांगणारे माणूस तिच्या घरात, भावकीत, गल्लीत कोठेही नसते. पुण्यातल्या मुलाच्या इमारतीत एखादे काका राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करणारे निघतात. जिन्यात भेटल्यावर ते सहज सांगून जातात की, अमक्या ठिकाणी अर्ज कर, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. राजूरच्या मुलीची बुद्धी त्या मुलाहून कमी नसते, तिच्या जिन्यात काका नसतात एवढेच.

याला अलीकडे 'नेटवर्किंग' असा शब्द आला आहे. आपल्याकडे त्याला ओळखीपाळखी म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की लगेच वशिल्याचा वास येतो. म्हणून आधी हा गोंधळ दूर करू. वशिल्यात आपली पात्रता नसताना दुसऱ्याच्या हक्काची जागा आपल्याला मिळते. ओळखीत फक्त बातमी मिळते, की जागा आहे, परीक्षा आहे, शिबिर आहे. पुढे अर्ज आपणच करायचा, परीक्षा आपणच द्यायची.

आता ही बातमी कोणाकडून येते? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले, की ज्याच्याकडून कळले त्याची-तुमची भेट किती वेळा होत असे? बहुतेकांचे उत्तर होते, अधूनमधून किंवा क्वचितच. जिवलग मित्राकडून कळल्याचे सांगणारे थोडेच निघाले. कारण उघड आहे. आपल्या जिवलगाला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच, नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. हे सांगायला खरे तर अमेरिकेला जायची गरज नव्हती. मुलीचे लग्न जमवताना चांगले स्थळ कोण सुचवते? सख्खा भाऊ क्वचित. सुचवतो तो मामेसासऱ्यांचा साडू, एखाद्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेला! सोयरीक जुळवताना आपण दहा गावांत शब्द टाकून ठेवतो. मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप लावतो, हे काही मला पटत नाही.

जवळूनच सुरुवात करू. राजूरच्या परिसरात आणि शेजारच्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचे बीजोत्पादन चालते. तेथे बाया सकाळी मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर काढतात, नर झाडाचा पराग आणून लावतात. याला त्या 'क्रॉसिंग' म्हणतात. त्याच घरातली मुलगी कॉलेजात मेंडेलच्या वाटाण्याचा प्रयोग पाठ करते आणि परीक्षेत संकराची आकृती काढते. आई रोज हातांनी करते आणि लेक वहीत लिहिते ती गोष्ट एकच आहे, हे दोघींनाही कोणी सांगितलेले नसते.

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. त्याचा पाया घालणारे बद्रीनारायण बारवाले स्वतः शास्त्रज्ञ नव्हते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या बियाण्यावर त्यांनी काम सुरू केले. पुढे त्या काळी भारतात काम करणाऱ्या रॉकफेलर फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांशी त्यांचा संपर्क आला, संकरित पिकांचे बियाणे त्यांच्या हाती आले आणि १९६४ साली महिको ही कंपनी उभी राहिली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात बीटी कापसाला पहिली परवानगी मिळाली तेव्हा ते बियाणे बाजारात आणणारी कंपनी हीच. मराठवाड्यातल्या एका गृहस्थाने शास्त्रज्ञांशी ओळख करून घेतली, टिकवली, त्याचे हे फळ होते. आज जालन्यात बेजो शीतल, कलश अशाही कंपन्या आहेत, आणि दावलवाडीला महिकोचे संशोधन केंद्र आहे.

या कंपन्यांत फक्त कृषी पदवीधर लागतात असा समज आहे. पीक पैदास विभागात ते लागतात हे खरे. पण बियाण्याची पिशवी शेतकऱ्याच्या हाती जाण्याआधी काय काय होते ते पाहा. उगवणशक्ती तपासतात, त्यासाठी शंभर-शंभर बियांचे चार गट, म्हणजे चारशे बिया, ओल्या कागदात ठरावीक तापमानाला ठेवून मोजतात. ओलावा काढतात, भेसळ पाहतात. वाण शुद्ध आहे की नाही हे शेतात लावून पाहतात, शिवाय प्रयोगशाळेत डीएनएवरूनही ठरवतात. हे काम वनस्पतीशास्त्राचे, जैवतंत्रज्ञानाचे, रसायनशास्त्राचे आहे. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांतही पोलादात कार्बन किती, गंधक किती हे तपासणारी प्रयोगशाळा असते. रेशीम कोषांची बाजारपेठ जालन्यात २०१८ साली सुरू झाली, आणि रेशीमकीटक हा तर प्राणीशास्त्राच्या पुस्तकातला धडाच आहे.

मग या दारांपर्यंत जायचे कसे? नव्या शैक्षणिक धोरणाने एक सोय करून ठेवली आहे. पदवीच्या आराखड्यात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आणि 'फिल्ड प्रोजेक्ट' यांना आता श्रेयांक आहेत. पुष्कळ ठिकाणी हे प्रकरण कोणाच्या तरी दुकानाचा शिक्का आणून उरकले जाते. तसे करू नका. आपल्या विभागप्रमुखांचे पत्र घ्या आणि एखाद्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन उभे राहा. एखाद्या ठिकाणी नाही म्हणतील. पण जेथे हो म्हणतील तेथे तीन-चार आठवडे वेळेवर जाणारी, नोंदी नीट ठेवणारी मुलगी लोकांच्या लक्षात राहते. पुढे जागा निघते तेव्हा जाहिरातीच्या आधी तिचे नाव आठवते. यात वशिला कोठे आला?

याच ठिकाणी एक धोक्याची सूचना द्यायला हवी. पैसे घेऊन 'इंटर्नशिप'चे प्रमाणपत्र देणाऱ्यांचा धंदा सध्या तेजीत आहे. करोनाच्या काळात, २०२० साली, घरबसल्या प्रश्नमंजूषा सोडवून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांचा असाच पूर आला होता. माझ्या पाहण्यातल्या काही मुलांकडे अशी चाळीस-चाळीस प्रमाणपत्रे आहेत. मुलाखत घेणारा ती उलटूनही पाहत नाही. तो विचारतो, तुम्ही हाताने काय केले आहे?

आता जरा लांबचे पाहू. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची आणि प्रयागराजची अशा तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी देशातल्या एखाद्या संशोधन संस्थेत दोन महिने एका शास्त्रज्ञाबरोबर काम करतो. त्यासाठी विद्यावेतन असते, प्रवासाचा खर्चही मिळतो. भौतिकशास्त्राच्या मुलांसाठी पुण्यात एनसीआरए आणि आयुका मिळून डिसेंबरमध्ये रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा 'निअस' उपक्रम २००४ पासून आहे. गणिताच्या मुलांना 'एमटीटीएस' हे उन्हाळी शिबिर १९९३ पासून आहे, शिवाय माधव गणित स्पर्धा आहे. आयआयटीत एम.एस्सी. करण्यासाठीची 'जॅम' ही परीक्षा बी.एस्सी.च्या कोणत्याही मुलाला देता येते, हे तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारले तर किती हात वर होतील, याची मला शंका आहे. कोणत्या वर्षाचे विद्यार्थी चालतात, तारीख कोणती, हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावे लागते.

इतके लांब जायचे नसेल तर आपले विद्यापीठ आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंगचे केंद्र आहे. हे हेबर्ट कॅनडाचे शास्त्रज्ञ. डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून प्राण्याची जात ओळखण्याची कल्पना त्यांनी २००३ साली मांडली. त्यांचे नाव छत्रपती संभाजीनगरातल्या एका इमारतीवर आहे आणि तेथे जायला राजूरहून दिवसभराची रजाही पुरते. 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे. तीत बक्षीस मिळो न मिळो, शेजारच्या पोस्टरसमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाशी बोलून घ्यावे. जालन्यातही २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे. तेथील व्याख्यानांची चौकशी करायला हरकत कसली?

शास्त्रज्ञाला पत्र कसे लिहावे, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. बहुतेक मुले एकच ई-मेल शंभर जणांना एकदम पाठवतात, तेही सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे. त्यात 'रिस्पेक्टेड सर' असते, आणि पुष्कळदा समोर बाई असतात. असे पत्र वाचले जात नाही. त्यापेक्षा एकच शास्त्रज्ञ निवडा. त्यांचा एखादा लेख मिळवून वाचा. सगळा कळणार नाही, पण जे कळले त्याविषयी दोन ओळी लिहा. आपण कोण, कोणत्या वर्षाला, काय येते हे लिहा आणि नेमके काय हवे ते मागा. दोन महिन्यांचे काम, एक दिवसाची भेट, की फक्त कोणते पुस्तक वाचावे याचा सल्ला, हे स्पष्ट असावे. पत्र एका पानाच्या आत संपवा. इंग्रजी साधे असले तरी चालते, उसने अलंकारिक नको. दहा-पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा आणि मग दुसऱ्याकडे वळा. उत्तर न येणे हा अपमान नव्हे. रामानुजनने १९१३ साली केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले हे आपण सगळे जाणतो. त्याआधी त्याने तेथल्याच आणखी दोन गणितज्ञांना लिहिले होते आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता, हे कोणी सांगत नाही.

प्राध्यापक मंडळींनाही थोडे सांगतो. प्रत्येक कॉलेजात माजी विद्यार्थी संघटना असते, मूल्यांकनासाठी ती लागतेच. तिचा मेळावा म्हणजे सत्कार, भाषणे आणि जेवण. त्याऐवजी विभागात एक साधी वही ठेवावी. कोणत्या सालचा कोणता विद्यार्थी आज काय करतो, हे त्याच्या परवानगीने त्यात लिहावे, आणि वर्षातून दोघा-तिघांना वर्गात बोलवावे. वाळूजच्या औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करणारा आपल्याच तालुक्यातला मुलगा तासभर बोलला, तर त्याचा परिणाम बाहेरच्या मोठ्या वक्त्यापेक्षा जास्त होतो. त्याने कोणत्या बसने प्रवास केला, खोलीचे भाडे कसे भागवले, हे मुलांना त्याच्याकडूनच ऐकायचे असते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड आहे. दोन महिने बंगळुरूला जायचे म्हटले की घरचे गप्प होतात. त्यांच्या काळजीला हसू नये. संस्थेचे वसतिगृह आहे, निवडीचे पत्र अकादमीचे आहे, येथपर्यंतचे कागद बाईंनी किंवा सरांनी घरी जाऊन दाखवले तर पुष्कळदा वडील तयार होतात. निदान आधी जालन्याला आठ दिवस, मग संभाजीनगरला महिनाभर, असा अंतर वाढवत नेण्याचा मार्ग असतोच. माझ्या मते एकदम दिल्लीचा हट्ट धरण्यापेक्षा हा बरा.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचे अर्ज उन्हाळ्यात सुटतात असे समजून मुले मार्चमध्ये चौकशीला येतात. ते अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात, आणि त्यांना शिक्षकांचे शिफारसपत्र लागते. त्याच सुमारास दिवाळीची सुटी असते, सर गावी गेलेले असतात. म्हणून पत्रासाठी सहामाहीच्या परीक्षेआधीच सरांना गाठावे, आणि आपले गुणपत्रक, थोडी माहिती व संस्थेचे नाव एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावे.