साष्टीचा इतिहास आणि त्याची साधने

महिनाअखेरीस उपनगरांतला प्रत्येक नोकरदार ज्या शब्दाची वाट पाहतो तो 'पगार' हा शब्द मुळात मराठी नव्हे. पोर्तुगीज भाषेत 'पगार' म्हणजे देणे चुकते करणे. 'लिलाव' आणि 'तुरुंग' हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. घराची 'चावी' त्यांचीच, बटाटाही त्यांचाच. परक्या राज्याची ओळख सामान्य माणसाला कशी झाली असेल याची काही कल्पना या शब्दांवरून येते.

युरोपच्या अर्वाचीन युगाचा आरंभकाळ, म्हणजे साधारणपणे १५०० ते १८०० ही तीन शतके, हा विषय अंधेरी-बोरिवलीच्या श्रोत्यांपुढे कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, तो युरोप आपल्या अंगणात दोनशे वर्षे नांदून गेला आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई व तिच्या भोवतीचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यात साष्टीचे बेट आले. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत पसरलेल्या या बेटातच आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड आहेत. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे वसई पडली. मधल्या काळातील साष्टी जाणावयाची तर त्या काळचा युरोप जाणावा लागतो. आणि दोन्ही जाणावयाचे तर कागद कसा वाचावा हे आधी शिकावे लागते.

त्या युरोपला कागदाचे मोठे वेड. राजाची कचेरी वाढली, वसुलीच्या वह्या आल्या, प्रत्येक करारास लेखक आणि साक्षीदार आले. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पाद्र्यास लग्नांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. अशा वह्यांवरून युरोपातील संशोधकांनी पुढे खेड्यापाड्यांतील लग्नाची वये, मुलांची संख्या आणि दुष्काळातील मृत्यू मोजून काढले. ज्या पाद्र्याने ती वही लिहिली त्याच्या मनात लोकसंख्येचा अभ्यास नव्हता. कागद लिहिला जातो एका कामासाठी आणि उपयोगी पडतो दुसऱ्याच कामाला, हा साधनांच्या अभ्यासातील पहिला धडा होय.

हेच आता साष्टीत पाहू. पोर्तुगीज राजाच्या वसुलीवरचा अधिकारी सिमाँव बोतेल्यू याने १५५४ साली उत्पन्नाची एक मोठी यादी तयार केली. तिला 'तोंबू' म्हणतात. गावे एक, दोन वा तीन हयातींच्या कराराने पोर्तुगीज सरदारांस दिली जात. त्यांनी ठरलेला 'फोर', म्हणजे खंड, राजाला भरावयाचा आणि लढाईच्या चाकरीस तयार राहावयाचे. पुढे धर्मसंघांकडेही पुष्कळ गावे आली. युरोपातील जमीनदारीची रीत ती हीच. फक्त शेत आपले आणि घाम आपला. त्याच वर्षीचे अंतोनियू नुनिश याचे पुस्तक पूर्वेकडील बंदरांच्या मापांविषयी आहे. एका ठिकाणचे माप दुसऱ्या ठिकाणी चालत नसे, म्हणून वसुलीच्या कारकुनास ते हवे होते. आज ते नसते तर तोंबूमधील मुडे, पार्दाव आणि फेदेआ यांचा हिशेब लावणे कठीण झाले असते.

या यादीत गाव आहे, रक्कम आहे, खंड भरणारा धनी आहे. भात लावणारी बाई मात्र नाही. मिठागरात गुडघाभर उभा राहणारा माणूस नाही. म्हणून यादी खोटी ठरत नाही. वसूल किती आणि कोणाकडून, एवढाच प्रश्न तिला विचारला गेला होता, आणि तेवढेच उत्तर तिने दिले. चूक होते ती आपली. यादीत माणसे दिसत नाहीत म्हणून ती तेथे नव्हतीच, असे आपण धरून चालतो.

येथे माझ्या कामातील एक अनुभव सांगावासा वाटतो. उपनगरातील एका कारखान्यात एका कामगाराची खातेनिहाय चौकशी चालली होती. त्याचा प्रतिनिधी म्हणून मी शेजारी बसलो होतो. तो म्हणाला, "मशीन टाकून कुठं जाणार साहेब? पाणी प्यायला गेलो, नळ तिकडं लांब." लिहिणाऱ्याने इंग्रजीत लिहिले ते असे : परवानगीवाचून कामाची जागा सोडल्याचे कामगार कबूल करतो. खाली सही घेतली. भाषा बदलली, नळ गेला, तहान गेली. उरली ती कबुली. मी हरकत नोंदवली म्हणून नळ कागदावर आला. उद्या कोणी तो कागद वाचील तेव्हा त्या हरकतीच्या एका ओळीवरूनच त्याला खरी गोष्ट उमगेल.

कार्लो गिन्झबुर्ग या इटालियन इतिहासकाराचे १९७६ सालचे पुस्तक वाचताना मला ही चौकशी आठवली. इटलीच्या फ्रिउली प्रांतात दोमेनिको स्कांदेल्ला, ऊर्फ मेनोक्क्यो, नावाचा एक पिठाच्या गिरणीवाला होता. पाद्री नव्हे; मिळतील ती दहाबारा पुस्तके वाचून स्वतःच्या डोक्याने विचार करणारा माणूस. दुधातून चीज व्हावे तसे हे जग झाले आणि चिजात किडे व्हावे तसे देवदूत झाले, असे तो गावात सांगे. धर्मन्यायालयाने १५८४ साली त्याची चौकशी केली, आणि पुढे दुसऱ्या खटल्यात त्याला देहान्त शासन झाले. खटल्याचे कागद त्याच्या शत्रूंनी लिहिले. तरीही त्यांतून त्याचा आवाज ऐकू येतो. कसा? न्यायाधीश विचारतात एक, आणि हा सांगतो दुसरेच. त्यांच्या पुस्तकी साच्यात त्याचे उत्तर बसत नाही. जेथे प्रश्न आणि उत्तर जुळत नाहीत, तेथे माणूस स्वतः बोलत असतो. गिन्झबुर्गने नेमके तेथेच कान लावला.

साष्टीसाठी असा कान लावण्याची संधी फार थोडी आहे. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले, ते १८१२ साली कायमचे बंद झाले. वसईकडचा मुलूखही त्याच्या कक्षेत होता. परंतु त्याच्या बहुतेक खटल्यांचे मूळ कागद नष्ट झाले. आपल्याकडेही एखादा मेनोक्क्यो असेल. त्याला आपण गाठू शकत नाही.

उरलेले कागद वाचतानाही सावध राहावे लागते. पोर्तुगीज पत्रांत 'साल्सेत' हे नाव वारंवार येते. पण साष्टी दोन आहेत. एक आपली, आणि दुसरी गोव्यातील, मडगावच्या बाजूची. १५८३ साली पाच जेझुइट पाद्री मारले गेले ते कुंकळ्ळीस, म्हणजे गोव्याच्या साष्टीत. केवळ नाव पाहून कोणी ती घटना आपल्या दारात आणून ठेवील तर सगळाच घोटाळा होईल. दुसरी अडचण तारखांची. पोर्तुगालने १५८२ सालीच नवे पंचांग स्वीकारले. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत स्वीकारले नाही. अठराव्या शतकात दोहोंत अकरा दिवसांचा फरक होता. वसईच्या तहाची तारीख एका पुस्तकात ५ मे आणि दुसऱ्यात १६ मे दिसते, याचे कारण हेच. दोन्ही बरोबर आहेत. पंचांग तेवढे निराळे.

मराठी बाजूची साधनेही मोठी आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली आणि बखरीपेक्षा समकालीन पत्रास अधिक मोल दिले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत आणले. पां. स. पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात पोर्तुगीज कागदांशी त्यांचा मेळ घातला. या कागदांनाही तोच प्रश्न विचारला पाहिजे. वसईच्या विजयाची हकीकत चिमाजीअप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिली. स्वामी पेशवे घराण्याचे गुरू होते, तसेच कर्ज देणारेही होते. शिष्य गुरूस लिहितो तो सूर एक, ऋणको धनकोस लिहितो तो दुसरा. एका पत्रात दोन्ही असू शकतात. पत्र आपल्या बाजूचे आहे म्हणून त्याची उलटतपासणी चुकत नाही.

आणि कागद संपला तरी इतिहास संपत नाही. बोरिवलीजवळ मंडपेश्वराचे शैव लेणे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी तेथे चर्च केले, एका भिंतीवर क्रूस कोरला. आज तेथे पुन्हा पूजा चालते. अंधेरीस सीप्झच्या आवारात, निर्यातीचा माल करणाऱ्या कारखान्यांच्या मधोमध, जेझुइटांनी १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्टच्या चर्चची भिंत उभी आहे. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती मरोळकडे सरकली आणि चर्च ओस पडले. रोज हजारो कामगार त्या आवारात ये-जा करतात. त्यांच्या पूर्वीही तेथे राबणारे होते, याची तेवढी एक दगडी साक्ष आहे.

तेव्हा कोणताही कागद हाती आला की चार प्रश्न विचारावेत. कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? ज्याच्याविषयी लिहिला त्याला विचारले होते काय? आणि लिहिणाऱ्याच्या नकळत त्यात काय राहून गेले? यासाठी पदवी लागत नाही. मलाही ती नाही.

शेवटी एकच विनंती. गेल्या तीस-चाळीस वर्षांत घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील कितीतरी कारखाने बंद पडले. मालकांच्या वह्या कोठेतरी राहतील, तोंबूसुद्धा राहिलाच. पण हजेरीपत्रक, पगाराची चिठ्ठी, युनियनच्या सभेचे इतिवृत्त, संपाचे पत्रक हे सारे माळ्यावरून थेट रद्दीत जाते. मी स्वतः दोन पोती रद्दीवाल्याकडून परत विकत घेतली आहेत. आपल्या घरी असे काही असेल तर टाकू नका. तारीख घाला, नावे लिहा, जवळच्या ग्रंथालयाकडे द्या. नाहीतर दोनशे वर्षांनी या उपनगरांचा इतिहास लिहिणाऱ्यास येथेही फक्त वसुलीच सापडेल, आणि माणसे सापडणार नाहीत.