दोन धातूंची पट्टी – लेखांक ६ : रिसेटचं बटण का बसत नाही?

गेल्या आठवड्यात हॅरिसनच्या घड्याळाचं कबूल केलं होतं, पण तो अठराव्या शतकातला सुतार आणखी आठ दिवस थांबेल. उन्हाळी भुईमुगाला पाणी थांबत नाही. वसमत तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलंय : "विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार आहे. रात्रीच्या पाळीत बिनतक्रार चालते. दुपारच्या पाळीत मात्र तास-दीड तासात स्टार्टर ट्रिप होतो. लगेच बटण दाबलं तर बसत नाही, पाच-दहा मिनिटांनी बसतं. मिस्त्री म्हणतो, रिले गेलाय, डायल वर करून देतो. करू द्यावं का?"

करू देऊ नका. उत्तर एवढंच आहे, पण त्यामागचं कारण इतकं सुरेख आहे की आजचा अख्खा लेखांक मी त्यालाच देणार आहे.

स्टार्टरच्या पेटीत काँटॅक्टरच्या खाली जो डायलवाला लहान डबा असतो तो ओव्हरलोड रिले. त्यात तीन द्विधातू पट्ट्या उभ्या असतात, प्रत्येक फेजला एक. बहुतेक रिलेंत पट्टीभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते आणि मोटारीचा सगळा करंट त्या तारेतून जातो. तार तापली की पट्टी वाकते. तिन्ही पट्ट्या मिळून एक प्लास्टिकची सरक पुढे ढकलतात आणि ठरलेल्या अंतरावर ती एक खटका उडवते. खटक्यातून मोटारीचा करंट जात नाही, फक्त काँटॅक्टरच्या कॉइलचा जातो. कॉइल सुटली की मोटार बंद. डायल फिरवून आपण बदलतो ते सरक आणि खटका यांच्यातलं अंतर.

आता गंमत बघा. ही पट्टी मोटारीचं तापमान मोजतच नाही. मोटार विहिरीवर, पेटी खांबावर. पट्टीला वाइंडिंगची ऊब कधी लागतच नाही. तिला मिळतो तो फक्त करंट. पण वाइंडिंग ज्या नियमाने तापतं त्याच नियमाने पट्टीभोवतीची तारही तापते : उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट २० टक्के वाढला की उष्णता ४४ टक्के वाढते, इथेही आणि तिथेही. म्हणजे पेटीत बसून ही पट्टी मोटारीचा ताप स्वतःच्या अंगावर काढून दाखवत असते.

म्हणूनच तिचा संथपणा हा दोष नाही. मोटार सुरू होताना पूर्ण भाराच्या सहापट करंट ओढते, म्हणजे उष्णता छत्तीसपट. फ्यूज त्याच मापाचा असता तर मोटार कधी उठलीच नसती. पण हा झटका दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तेवढ्यात पट्टी पुरेशी वाकत नाही. मोटारच अडकली आणि तो करंट तसाच राहिला, तर मात्र रिले गय करत नाही. 'क्लास १०' लिहिलेल्या रिलेने डायलच्या ७.२ पट करंटला चार ते दहा सेकंदांत ट्रिप व्हायलाच हवं. उलट १.०५ पटीला दोन तासांत ट्रिप होता कामा नये, आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत झालं पाहिजे. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा, लगेच कामाला येतील.

पाच हॉर्सपॉवरची मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेते. दुपारी लाइट आली की एकाच डीपीवरचे सगळे ऑटो स्विच एकदम मोटारी उठवतात. समजा व्होल्टेज ३४० वर आलं. मोटारीला पाणी तेवढंच उचलायचंय, मग ती करंट जास्त ओढते : सव्वानऊ अँपिअरच्या आसपास, म्हणजे १.२२ पट. अशा वेळी रिलेने दोन तासांच्या आत सुटायचं असतं. तुमचा तास-दीड तासात सुटतो. रिले गेलेला नाही, अगदी नेमाने काम करतोय.

दुपारच्या उन्हाचं काय, असं कुणी विचारेल. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत पट्टी आधीच थोडी वाकलेली असणार, हे खरंच. म्हणून चांगल्या रिलेत एक चौथी पट्टी असते. तिच्यातून करंट जात नाही. ती फक्त हवेच्या तापमानाने वाकते आणि खटक्याला तेवढंच मागे नेते. अंतर कायम राहतं. ही युक्ती जुनीच आहे. १८४१ साली बिदरजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली, ती कोल्बी नावाच्या गृहस्थाच्या मोजमापाच्या गजांनी. तेही पितळ आणि लोखंड यांच्या जोडीचे होते. टोकांना लावलेल्या जिभांवरचे दोन ठिपके, गज तापो की थंड होवो, बरोबर दहा फुटांवर राहत. ज्या असमान प्रसरणामुळे पट्टी वाकते तेच इथे एकमेकांची वजाबाकी करतं. कोल्बी हा माझा जुना नाद आहे, आज आवरतो. पण चौथ्या पट्टीलाही मर्यादा आहे. पेटीवर सावली करा, फुकटात होते.

आता बटणाचं. ट्रिप झाल्यावर पट्टी वाकलेलीच असते, त्यामुळे खटका परत बसायला जागा नसते. ती निवून सरळ झाली की बटण बसतं. त्या पाच-दहा मिनिटांत वाइंडिंगही निवत असतं, मात्र पट्टीइतक्या लवकर नाही. ही तिची एक लबाडी समजा : पट्टी म्हणते 'झालं', आणि मोटारीचं लोखंड अजून तापलेलं असतं. बटण बसताक्षणी मोटार उठवणं, परत ट्रिप, परत उठवणं, असं चार-पाचदा केलं की ताप पायरी-पायरीने चढतो आणि मोटार भरून आणावी लागते. काही रिलेंवर हातानं की आपोआप असा रिसेटचा पर्याय असतो. ऑटो स्विचच्या जोडीला तो 'आपोआप'वर ठेवला, तर हे चक्र तुमच्या गैरहजेरीत रात्रभर चालेल. शिवाय ट्रिप झाली म्हणून कुणी मोटारीला हात लावायला गेला आणि ती आपसूक उठली तर? तो पर्याय 'हातानं'वरच हवा.

एक फेज गेला तर? चालत्या मोटारीच्या उरलेल्या दोन फेजांत करंट सुमारे पावणेदोन पट होतो. पण मोटारीवर भार कमी असेल, तर हा वाढलेला करंटही डायलच्या आकड्याजवळच राहतो आणि डेल्टा जोडणीत एकच वाइंडिंग गुपचूप भाजत राहतं. त्यासाठी बऱ्याच रिलेंत दोन सरका असतात. दोन पट्ट्या वाकल्या आणि तिसरी सरळ राहिली, की त्या फरकानेच खटका लवकर उडतो. मोटार कोरडी चालली तर मात्र रिले गप्प बसेल, कारण तेव्हा करंट वाढत नाही, उतरतो.

जाता जाता स्टार-डेल्टावाल्यांसाठी. तिथे रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेत असतो, लाइनच्या नाही. त्यामुळे डायल मोटारीच्या पाटीवरच्या करंटच्या ०.५८ पट ठेवायचा. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार ११ अँपिअरची असेल तर डायल ६.४ च्या आसपास. तो ११ वर ठेवणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिलेत. त्या मोटारीला रिले असून नसल्यासारखा.

तेव्हा वसमतकर, डायलला हात लावू देण्याआधी मिस्त्रीला क्लॅम्प मीटर आणायला सांगा. दुपारी, लाइट आल्यावर अर्ध्या तासाने, तिन्ही फेजांचा करंट आणि व्होल्टेज मोजा. करंटचे तिन्ही आकडे पाटीइतके किंवा कमी असूनही रिले सुटत असेल, तरच रिले बदला. करंट जास्त आणि व्होल्टेज कमी आलं तर दुखणं डीपीचं आहे. शेजाऱ्यांशी बोलून मोटारी आळीपाळीने सुरू करा. आकडे मलाही कळवा. हॅरिसन पुढच्या आठवड्यात, बहुतेक.