बंद ट्रॉली घ्यायचीय? आधी उतार बघा, मग पेटी

महाड, पोलादपूर : पाऊस तोंडावर आला की आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, "आपल्या ट्रॉलीवर पत्र्याची बंद पेटी बसवून मिळेल का? खर्च किती?" प्रश्न बरोबर आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिमेंट, खत, पशुखाद्य, मंडपाचं सामान, गणपतीच्या मूर्ती हे सगळं नेमकं त्याच दिवसांत हलवावं लागतं. भातकापणीला परतीचा पाऊस गाठतो तो वेगळाच. ताडपत्री कितीही घट्ट बांधली तरी वाऱ्याने एक कोपरा सुटतोच, आणि चार पोती भिजतात.

म्हणून बंद ट्रॉलीकडे लोक वळतात. पण महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर तिचा हिशेब वेगळा आहे. इथे सपाट रस्ता कमी, चढ-उतार जास्त. ट्रॅक्टर किती ओढेल हे दुकानदार सांगतो. भरलेली ट्रॉली उतारावर थांबेल का, हे मात्र आपणच बघायला हवं. हा लेख त्याबद्दलच आहे.

थांबवणार कोण?

45 एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण दोन टन वजनाचा असतो. त्याच्या मागे तीन टन माल घातलेली ट्रॉली जोडली, तर ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरून मागे चार टनांहून जास्त वजन होतं. म्हणजे ट्रॅक्टरच्या दुप्पट. ट्रॅक्टरला ब्रेक असतात फक्त मागच्या दोन चाकांना, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. आंबेनळी, वरंध किंवा गावाकडच्या एखाद्या घाटवळणावर सहा टनांचा हा सगळा भार त्या दोन चाकांवर येतो. चाकं घसरली की ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि दोन्ही मिळून दरीकडे जातात.

त्यामुळे नवीन ट्रॉली बनवून घेताना पहिला प्रश्न "ब्रेक आहेत का?" हा विचारा. पेटीवर जास्त पैसे घालण्यापेक्षा ट्रॉलीला ब्रेक बसवून घेण्यावर घालणं जास्त शहाणपणाचं आहे. तुमचा नेहमीचा रस्ता घाटाचा असेल तर ब्रेक नसलेली ट्रॉली निम्म्या वजनाने भरायची, असं मनाशी पक्कं करा.

पेटी भरली म्हणजे किती वजन झालं?

उघड्या ट्रॉलीत माल डोळ्यांना दिसतो. बंद पेटीत दार लावलं की वजन विसरायला होतं. एक हिशेब बघा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच पेटी धरा.

- सिमेंटची 60 पोती म्हणजे 3 टन. ती या पेटीत जेमतेम दीड फुटाच्या आसपास उंचीची होतात. वरची साडेतीन फूट पेटी रिकामीच दिसते.
- सुटं भात हलकं असतं. ते साधारण तीन फूट भरलं की 3 टन होतात. पेटी छतापर्यंत भरली तर वजन पाच टनांच्या घरात जातं.
- मंडपाचे कापड, खुर्च्या, थर्माकोल असा माल पेटी पूर्ण भरली तरी वजनाला फार होत नाही.

यावर सोपा उपाय आहे. पेटीच्या आतल्या भिंतीवर रंगाने रेघा मारा. एक रेघ सिमेंटची, एक भाताची. भरणाऱ्या माणसाला वजन मोजावं लागत नाही, रेघ बघितली की झालं.

पेटीचंही स्वतःचं वजन असतं. वरच्या मापाच्या पेटीला भिंती आणि छत मिळून सुमारे 220 चौरस फूट पत्रा लागतो. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर नुसत्या पत्र्याचेच अडीचशे किलोच्या आसपास होतात, अँगल आणि दारं वेगळी. म्हणजे पाच पोती सिमेंट तुम्ही कायमचीच भरून फिरताय. छत आणि भिंतीचा वरचा भाग हलक्या पत्र्याचा, खालचा दीड फूट जाड पत्र्याचा, असं केलं तर वजन वाचतं आणि पेटी वरून जडही होत नाही. उंची गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. उंच पेटी वळणावर कलते आणि खिंडीत वारा अंगावर घेते.

उरण भागातून जुने कंटेनर स्वस्तात मिळतात म्हणून काही जण तेच कापून बसवायचा विचार करतात. वीस फुटी कंटेनर रिकामाच दोन टनांच्या वर असतो. कोठीसाठी तो उत्तम, ट्रॅक्टरच्या मागे नको.

दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉली अरुंद रस्त्यावर आणि शेतात वळवायला, मागे घ्यायला सोपी. तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळे मागच्या चाकांना पकड मिळते. पण माल सगळा पुढे रचला तर हुकावर जास्त भार येतो, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. सगळा माल मागे, दाराजवळ रचला तर उलटं होतं. दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं घसरायला लागतात. अमेरिकेत मोटारीमागे बंद ट्रेलर जोडणारे लोक ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हुकावर येईल असा माल रचतात. आपल्या दोन चाकी ट्रॉलीचा आक्सल आधीच थोडा मागे बसवलेला असतो. त्यामुळे आपला नियम सोपा : जड माल तळाला आणि आक्सलच्या किंचित पुढे, हलका माल वर आणि मागे.

चार चाकी ट्रॉली जास्त वजन घेते, पण ती हुकावर भार देत नाही आणि मागे घेताना नवख्याला घाम फोडते. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर जायचं असेल तर दोन चाकीच बरी. महाड ते बिरवाडी असा रुंद, बऱ्यापैकी सपाट रस्ता असेल तर चार चाकीचा विचार करा. आणि रोज मुंबईला किंवा महाबळेश्वरला माल न्यायचा असेल तर खरं सांगायचं तर ट्रॉली विसरा, बंद बॉडीची पिकअप घ्या.

जोडताना आणि चालवताना

1. ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडा. वरच्या टॉप लिंकला किंवा आक्सलच्या वर साखळी-दोर बांधून कधीच ओढू नका. चढावर ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.
2. पिन घातल्यावर खालून क्लिप लावा. शिवाय दांडी आणि ट्रॅक्टर यांच्यात एक जाड साखळी ठेवा. पिन तुटली तर तीच वाचवते.
3. शेतात वळण्यासाठी आपण डावा-उजवा ब्रेक वेगळा करतो. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडलेच पाहिजेत. एकच ब्रेक दाबला गेला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला गरकन फिरवते.
4. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. गिअर उताराच्या आधी टाका. मध्येच क्लच दाबू नका, न्यूट्रल तर कधीच नाही. डिझेल वाचवायच्या नादात न्यूट्रल करणारा इंजिनाचा ब्रेक स्वतःच्या हाताने काढून टाकतो.
5. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ओल्या उतारावर ती घाला, पुढच्या चाकांनाही इंजिनाचा ब्रेक मिळतो.
6. बंद पेटीमुळे मागचं काहीच दिसत नाही. पेटीच्या रुंदीच्या बाहेर येतील असे दोन आरसे दोन्ही बाजूंना हवेत. मागे घेताना एक माणूस खाली उतरवा, आणि तो आरशात दिसत नसेल तर थांबा.
7. फरशीवरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर ट्रॉली घालू नका. पाण्याचा जोर आडव्या पेटीवर येतो. सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला, हे आपण विसरलेलो नाही.

पेटीत काय भरू नये

माणसं. लग्नाचं वऱ्हाड असो, लावणीच्या बाया असोत की शाळेची पोरं, बंद ट्रॉलीत कुणालाही बसवू नका. आत काय झालं ते चालकाला ऐकूही येत नाही. मालाच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसाला अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. दाराला आतूनही उघडेल अशी कडी लावून घ्या, म्हणजे माल रचताना चुकून दार लागलं तरी माणूस अडकणार नाही.

गॅस सिलिंडर, पेट्रोलचे कॅन, जनावरं हेही बंद पेटीत नकोत. गळलेला गॅस साचून राहतो, जनावर गुदमरतं.

ओलं भातही बंद पेटीत रात्रभर ठेवू नका. ते आत तापतं, छताला घाम येतो आणि तेच पाणी पुन्हा भातावर पडतं. साठवायचं भात 14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेलं हवं. पेटीला दोन्ही बाजूंनी वरच्या अंगाला जाळीच्या खिडक्या ठेवा आणि त्यांवर पत्र्याची पडवी काढा. हवा खेळते, पाऊस आत येत नाही.

कागद

ट्रॉलीचीही आरटीओकडे नोंदणी लागते. नवीन घेताना विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म 21, आणि फॉर्म 22 मागून घ्या. चासी नंबर नसलेली ट्रॉली स्वस्त मिळते, पण ती नोंदवता येत नाही. उघड्या ट्रॉलीवर पेटी चढवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या माहितीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी पेणच्या आरटीओ कार्यालयात विचारा. जास्त वजन भरल्यास कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे.

शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीने भाड्याचा माल वाहणार असाल तर आधी विमा एजंटला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लायसन्सचं म्हणाल तर ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून ते लायसन्स निकामी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये नागाशेट्टी प्रकरणात सांगितलं आहे.

पावसाआधी आणि पावसानंतर

- बेअरिंग : चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर आली तर उघडून साफ करा, नवं ग्रीस भरा. पाण्यातून ट्रॉली जात असेल तर पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. लांबचा फेरा झाल्यावर चाकाच्या मधल्या भागाला अंदाजाने हात लावा. एकच चाक जास्त तापत असेल तर त्याच दिवशी बघा.
- नट आणि पाटे : चाकाचे नट, पाट्यांचे यू बोल्ट दर महिन्याला आवळा. हुकाची पिन झिजून बारीक झाली असेल तर बदला, वेल्डिंगने भरू नका.
- टायर : नक्षी शिल्लक असली तरी बाजूला भेगा पडल्या असतील तर घाटात नेऊ नका.
- गळती : दिवसा एकाला बाहेर उभं करून आत जा आणि दार लावा. जिथून उजेड येतो, तिथूनच पाणी येणार. तिथे सिलिकॉन भरा, दाराला रबर लावा.
- गंज : तळाला चार कोपऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवा. खत वाहिल्यावर पेटी धुवाच, युरिया पत्रा खातो. गंज घासून रेड ऑक्साइड, मग रंग.
- दिवे : मागे लाल, बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी. चिखलाने झाकली तर ती असून नसल्यासारखी, म्हणून हायवेवर चढताना फडक्याने पुसा. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळते ती बहुतेक वेळा दिसलीच नाही म्हणून.

महाड शहरात किंवा नदीकाठच्या गावात ट्रॉली उभी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 22 जुलै 2021 च्या पुरासारखं पाणी चढलं तर बंद, रिकामी पेटी होडीसारखी तरंगू शकते आणि शेजारच्या घरावर जाऊन आपटते. पुराचा इशारा आला की ट्रॉली उंचावर न्या. ते जमलं नाही तर दारं उघडी करून ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि दोराने झाडाला बांधा.

शेवटी एक परीक्षा. ट्रॉली घ्यायच्या आधी तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट उतार डोळ्यांसमोर आणा. भर पावसात, भरलेली ट्रॉली घेऊन, समोरून एसटी आली, तर तिथे तुम्हाला थांबता येईल का? उत्तर "हो" असेल तेवढंच वजन तुमचं. पेटीचं माप त्यावरून काढा.