उत्तर काढत बसू नका, माहिती पुरते का तेवढं पहा!

बोदलकसा (ता. तिरोडा) : शेतीची कामं सांभाळून आपल्या भागातली बरीच मुलंमुली स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, 200 गुणांचा असतो. त्यात 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही गुण असोत, गाडी तिथंच थांबते. वरून चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. यूपीएससीत तर एक तृतीयांश. म्हणून 'माहिती पुरेशी आहे का' हा प्रश्नप्रकार नीट समजून घेतला पाहिजे.

या प्रकारात एक प्रश्न आणि दोन विधाने देतात. पर्याय साधारण असे असतात : एकच विधान पुरेसे, दोन्हीपैकी कोणतेही एक पुरेसे, दोन्ही मिळून पुरेशी, किंवा दोन्ही मिळूनही अपुरी. इथे उत्तराचा आकडा कोणी विचारत नाही. उत्तर एकच निघते का, एवढंच विचारतात.

आता धानाचंच उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याकडे धानाचे कट्टे आहेत, संख्या दोन अंकी आहे. कट्टे किती?

विधान 1 : दोन्ही अंकांची बेरीज 9 आहे.
विधान 2 : अंकांची अदलाबदल केली तर संख्या 27 ने वाढते.

आधी दुसऱ्या विधानावर हात ठेवा. पहिल्यावरून 18, 27, 36, 45, 54, 63, 72, 81, 90 अशा नऊ संख्या निघतात. म्हणजे ते एकटे पुरत नाही.

आता पहिल्यावर हात ठेवा आणि ते डोक्यातूनही काढून टाका. बरेच जण इथेच फसतात. अदलाबदल केल्यावर पडणारा फरक हा दोन अंकांच्या फरकाच्या 9 पट असतो. 27 भागिले 9 म्हणजे 3. तेव्हा एकक स्थानचा अंक दशकापेक्षा 3 ने मोठा : 14, 25, 36, 47, 58, 69. सहा संख्या, म्हणजे हेही एकटे पुरत नाही.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फक्त 36 जुळते. दोन्ही विधाने मिळून पुरेशी, हे उत्तर.

पण दरवेळी दोन्ही लागतातच असं नाही. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज 18 आहे, एवढंच सांगितलं तरी काम झालं. एक अंक 9 पेक्षा मोठा होत नाही, म्हणून संख्या 99 च. बेरीज 17 म्हटली की मात्र 89 आणि 98 अशा दोन निघतात, तिथे माहिती अपुरी.

दुसरी अडचण 'हो की नाही' विचारणाऱ्या प्रश्नांत येते. समजा विचारलं, या संख्येला 3 ने पूर्ण भाग जातो का? आणि विधान आहे, अंकांची बेरीज 14 आहे. 14 ला 3 ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही. उत्तर 'नाही' आलं म्हणून काही जण विधान अपुरं ठरवतात. तसं नाही. पक्कं 'नाही' हेही उत्तरच आहे, म्हणून विधान पुरेसं. कधी हो, कधी नाही येत असेल तरच अपुरं म्हणायचं.

प्रश्नात 'पूर्णांक' शब्द दिसला तर सावध व्हा. पूर्णांकात शून्य आणि ऋण संख्याही येतात. एखाद्या पूर्णांकाचा वर्ग 49 आहे म्हटलं तर तो 7 असू शकतो, उणे 7 ही असू शकतो. धन आहे असं दुसऱ्या विधानात दिलं असेल, तेव्हाच 7 पक्का.

सरावाला हा घ्या. दोन अंकी संख्या कोणती? विधान 1 : अंकांचा गुणाकार 12 आहे. विधान 2 : संख्या विषम आहे. पहिल्यावरून 26, 34, 43, 62 या चार निघतात. पुढचं तुम्ही करा, मोबाईल बाजूला ठेवून, कागदावर.